कोठीपासून सुरू होणारी परीक्षा : ब्रिटनच्या संग्रहालय मानांकन योजनेविषयी

लँकेशरमधल्या ज्या गावात मी राहते ते एकेकाळी सुती कापडाच्या गिरण्यांचे गाव होते, आणि तिथले स्थानिक इतिहासाचे छोटे संग्रहालय आज पूर्णपणे स्वयंसेवकांच्या बळावर चालते. गेली सहा वर्षे मी तिथे वस्तूंच्या नोंदींचे काम करते. या काळात संग्रहालयाला आपले मानांकन, म्हणजे ठरलेले निकष पाळत असल्याची मान्यता, टिकवण्यासाठी नव्याने कागदपत्रे सादर करावी लागली आणि त्या निमित्ताने ब्रिटनची संग्रहालय मानांकन योजना, जिला इथे सगळे नुसते 'ॲक्रेडिटेशन' म्हणतात, मला आतून पाहायला मिळाली. एखाद्या दुकानाविषयी किंवा खानावळीविषयी लोक अभिप्राय लिहितात, तसा या योजनेविषयी लिहावा असे बरेच दिवस मनात होते, कारण तीही एक सेवाच आहे. तिचे गिऱ्हाईक संग्रहालय असते; लाभ मात्र तिकीट काढून आत येणाऱ्या माणसाला आणि ज्यांनी आपल्या आजीआजोबांच्या वस्तू विश्वासाने आमच्या हवाली केल्या त्या कुटुंबांना मिळायला हवा. म्हणून ती पारखायची तर त्यांच्याच बाजूने पारखली पाहिजे, असे मला वाटते.

योजना नवी नाही. १९८८ मध्ये ती संग्रहालयांची नोंदणी करणारी योजना म्हणून सुरू झाली, तेव्हा तिचा भर अगदी पायाभूत गोष्टींवर होता : संस्थेला रीतसर घटना आहे का, संग्रह कोणाच्या मालकीचा आहे, दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या वस्तूंची क्रमांकवार नोंदवही, ठेवले जाते का. २००४ मध्ये नोंदणीचे रूपांतर मानांकनात झाले आणि प्रेक्षकांना काय मिळते याकडे अधिक लक्ष दिले जाऊ लागले. २०११ मध्ये निकष पुन्हा लिहिले गेले आणि त्याच वर्षी इंग्लंडमधली जबाबदारी कलांना सरकारी अनुदान देणाऱ्या आर्ट्स कौन्सिलकडे आली. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथे तिथल्या संस्था हे काम पाहतात. आम्ही ज्या निकषांवर काम केले ते २०१८ च्या फेरमांडणीतून आलेले आहेत. राष्ट्रीय संग्रहालयांपासून नगरपालिकांच्या, विद्यापीठांच्या, लष्करी रेजिमेंटांच्या आणि आमच्यासारख्या विश्वस्त संस्थांच्या संग्रहालयांपर्यंत सुमारे १७०० संग्रहालये या योजनेत आहेत, आणि अर्ज करण्यासाठी शुल्क घेतले जात नाही. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण वर्षभराच्या तिकीटविक्रीतून छपराची डागडुजी भागवणाऱ्या संस्थेला शुल्क भरावे लागले असते, तर मानांकनाचा विषय विश्वस्तांच्या बैठकीत पहिल्याच मिनिटाला संपला असता.

२०१८ च्या फेरमांडणीत निकषांचे तीन भाग केले आहेत : संस्थेची प्रकृती, संग्रहाची व्यवस्था, आणि प्रेक्षक व त्यांचा अनुभव. कागदावर हे वर्गीकरण साधे दिसते, पण त्यामागचा विचार मोलाचा आहे. संग्रहालयाचे कपाट उत्तम असले, पण संस्थेच्या इमारतीचा भाडेकरार पुढच्या वर्षी संपत असला, तर त्या कपाटातली वस्तू सुरक्षित नाही, हे निकषांनी उघडपणे मान्य केले आहे. दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे प्रमाणाचे भान. लाखो वस्तू आणि शेकडो पगारी कर्मचारी असलेल्या संस्थेकडून जी अपेक्षा, तीच जशीच्या तशी आमच्यासारख्या, एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने उघड्या असणाऱ्या संस्थेकडून केली जात नाही. आपत्तीच्या वेळची योजना आम्हालाही लागतेच, परंतु ती आमच्या तीन खोल्यांना आणि तळमजल्यात शिरणाऱ्या पाण्याला साजेशी असली तर चालते. ज्या संग्रहालयात पगारी तज्ज्ञ कोणीच नाही, त्याने एखाद्या अनुभवी संग्रहालय-व्यावसायिकाला मार्गदर्शक म्हणून सोबत घ्यावे, अशी अट आहे. आम्हाला ही अट सुरुवातीला ओझे वाटली होती; प्रत्यक्षात वर्षातून काही वेळा येऊन आमच्या कोठीतला, म्हणजे वस्तू साठवण्याच्या खोलीतला, दमटपणा नुसत्या नाकाने ओळखणारी ती बाई आमच्या संस्थेला मिळालेली सर्वांत मोठी देणगी ठरली.

या सगळ्याचा गाभा मात्र संग्रहाच्या व्यवस्थेत, आणि त्यातही नोंदींत आहे. त्यासाठी योजनेने 'स्पेक्ट्रम' हे ब्रिटनमधले मानक आधाराला घेतले आहे. त्यात संग्रहव्यवस्थेच्या एकवीस कार्यपद्धती आहेत आणि त्यांपैकी नऊ मुख्य मानल्या जातात : वस्तू आत येतानाची नोंद, संपादन व दाखल क्रमांक, जागेची व हलवाहलवीची नोंद, संपूर्ण मोजदाद, सूचीकरण, वस्तू बाहेर जातानाची नोंद, उसनी घेतलेली वस्तू, उसनी दिलेली वस्तू आणि नोंदींच्या कामाचे नियोजन. मानांकन हवे तर या नऊ पद्धती अंगवळणी पडलेल्या असाव्या लागतात. यातली मोजदाद ही गोष्ट बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आपल्याकडे काय आहे हे संग्रहालयाला ठाऊक नसेल असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात पन्नास-साठ वर्षे देणग्या स्वीकारत आलेल्या संस्थेत क्रमांक नसलेल्या वस्तू, वस्तू नसलेले क्रमांक आणि एकाच क्रमांकाच्या तीन वस्तू असतातच. आमच्याकडेही होत्या. २०१८ च्या निकषांचा मोठेपणा असा की ते हा अनुशेष लपवायला लावत नाहीत. किती वस्तूंची नोंद राहिली आहे ते मोकळेपणी लिहा, ती कोणत्या क्रमाने आणि किती काळात पुरी करणार याची योजना द्या, आणि पुढच्या आढाव्याच्या वेळी त्या योजनेतले किती झाले ते दाखवा, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या संस्थेला सगळे ठीक असल्याचे खोटे चित्र उभे करावे लागत नाही, ती संस्था खरे काम करू लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

त्या मोजदादीतली एक घटना सांगते. वरच्या मजल्यावरच्या एका खोक्यात छापील रंगीत कागदांचा गठ्ठा होता आणि जुन्या रजिस्टरात त्यापुढे एवढेच लिहिलेले होते : 'रंगीत लेबले, परदेशी'. खोके उघडले तेव्हा देवनागरी आणि गुजराती अक्षरे दिसली. लँकेशरच्या गिरण्यांतले कापड मुंबईच्या बाजाराला जाई, तेव्हा ताग्यावर व्यापाऱ्याच्या छापाची चित्रे चिकटवण्याची पद्धत होती. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही चित्रावरून माल ओळखता यावा, म्हणून त्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ असे काही ना काही असे. इथले लोक त्यांना 'टिकिटे' म्हणत. आमच्या संग्रहालयात ती कित्येक वर्षे होती, त्यांना दाखल क्रमांकही होता, पण त्यांवर काय लिहिले आहे हे वाचणारे कोणी तिथे नव्हते. स्पेक्ट्रमच्या नोंदीत वस्तूवरच्या अक्षरांसाठी स्वतंत्र जागा आहेत : मजकूर काय आहे, लिपी कोणती, भाषा कोणती, भाषांतर काय. त्या जागा रिकाम्या दिसल्या म्हणून कोणीतरी मला हाक मारली. मी ती अक्षरे एकेक करून नोंदीत लिहिली. चौकट चांगली असली की रिकामी जागा आपोआप प्रश्न विचारते, हे त्या दिवशी मला समजले, आणि तेव्हापासून या योजनेकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली.

मानांकनाला दात आहेत का, हाही प्रश्न विचारायला हवा. आहेत, आणि ते वेळप्रसंगी वापरले गेले आहेत. संग्रह हा विश्वासाने सांभाळायचा असतो, पैशाची चणचण भागवण्यासाठी तो विकायचा नसतो, हे या योजनेचे मूळ तत्त्व आहे. २००६ मध्ये मँचेस्टरजवळच्या 'बरी' या गावाच्या नगर परिषदेने एल. एस. लाउरी या चित्रकाराचे एक चित्र लिलावात विकले, तेव्हा तिथल्या संग्रहालयाचे नाव यादीतून गेले. २०१३ मध्ये लंडनमधल्या क्रॉयडनच्या परिषदेने चिनी मातीच्या दुर्मीळ भांड्यांपैकी काही विकली आणि तिथेही मानांकन गमवावे लागले. सर्वांत गाजलेले प्रकरण नॉर्थॅम्प्टन या शहराचे. सेखेम्का नावाच्या प्राचीन इजिप्शियन अधिकाऱ्याचा, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा चुनखडीचा पुतळा तिथल्या नगर परिषदेने जुलै २०१४ मध्ये लिलावात १ कोटी ५७ लाख ६० हजार पौंडांना विकला. आर्ट्स कौन्सिलने पुढच्याच महिन्यात नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयांचे मानांकन काढून घेतले आणि किमान ऑगस्ट २०१९ पर्यंत पुन्हा अर्ज करता येणार नाही असे ठरवले. पुतळा मात्र परत आला नाही. शिक्षेने गेलेली वस्तू मिळत नाही, हे खरेच. पण मानांकन नसले की अनेक अनुदानांची दारे बंद होतात आणि दुसऱ्या संग्रहालयांकडून वस्तू उसन्या मिळणे अवघड होते, हे माहीत असल्यामुळे असा विचार मनात आणणाऱ्या इतर परिषदांना दहा वेळा थांबावे लागते. आमच्या विश्वस्तांपैकी एकाने जड यंत्रे विकून छप्पर दुरुस्त करण्याची कल्पना मांडली होती, तेव्हा चर्चा कशी आणि कोणत्या नियमांनी करायची याचा लेखी आधार आमच्याजवळ होता. तो नसता तर ती बैठक केवळ आवाजाच्या जोरावर ठरली असती.

आता उणिवा. पहिली आणि मला सर्वांत जास्त खुपणारी उणीव ही की छाननीचा मोठा भाग कागदपत्रांवर होतो. प्रत्येक संग्रहालयाला प्रत्यक्ष भेट दिली जातेच असे नाही. धोरण आहे, योजना आहे, तज्ज्ञाचा सुरक्षेविषयीचा अहवाल आहे, असे सगळे जोडले की अर्ज भरभक्कम दिसतो. पण कोठीत उभे राहून हाताला येईल ती एक वस्तू उचलावी आणि तिची नोंद शोधून दाखवा म्हणावे, किंवा रजिस्टरातली एक ओळ वाचून ती वस्तू समोर आणायला सांगावे, ही दोन मिनिटांची परीक्षा शंभर पानी अर्जापेक्षा अधिक सांगून जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा नुकसान झालेल्या असल्याचे बाहेर आले. त्यांत प्राचीन रत्ने आणि दागिन्यांचे बारीक तुकडे बरेच होते, आणि त्यांतल्या अनेकांची पुरेशी नोंदच झालेली नव्हती. त्याच्या दोन वर्षे आधी एका जाणकार विक्रेत्याने सावध करूनही गोष्ट वेळेवर उमगली नाही. त्यानंतर त्या संस्थेने आपल्या संपूर्ण संग्रहाच्या नोंदी पाच वर्षांत पुऱ्या करण्याचा संकल्प जाहीर केला. एवढी साधनसंपन्न संस्थाही मोजदादीच्या अनुशेषामुळे अडचणीत येते, तर मानांकनाच्या पुढच्या सुधारणेत याच जागी सर्वांत जास्त बळ लावायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतली पद्धत या बाबतीत वेगळी आहे. तिथल्या अमेरिकन अलायन्स ऑफ म्युझियम्सचे मानांकन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. त्यात संग्रहालय आधी स्वतःचे सविस्तर परीक्षण लिहिते, मग संग्रहालय-क्षेत्रातलेच दोन अनुभवी परीक्षक प्रत्यक्ष येऊन राहतात, माणसांशी बोलतात, कोठी पाहतात, आणि त्यांच्या अहवालावर आयोग निर्णय देतो. ही भेट मला हेवा वाटावा अशी आहे. पण त्या पद्धतीचे दुसरे अंगही आहे : तिथे हे मानांकन साधारण दहा वर्षांनी एकदा तपासले जाते, त्यासाठी पैसा आणि मनुष्यबळ लागते, आणि देशातल्या अंदाजे ३३,००० संग्रहालयांपैकी हजाराच्या थोडे वर एवढ्याच संस्थांनी ते मिळवले आहे. ब्रिटनची योजना गावोगावच्या छोट्या संस्थांपर्यंत पोहोचली, कारण ती स्वस्त आणि पायरीपायरीने चढण्यासारखी आहे. या दोहोंचा मेळ घालता येणार नाही असे मला वाटत नाही. सगळ्यांना भेट शक्य नसेल, तर दरवर्षी काही संग्रहालये चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि जवळच्याच दुसऱ्या मानांकित संग्रहालयातल्या दोघांनी जाऊन त्यांची कोठी पाहावी. आमच्यासारख्यांना अशा भेटीची भीती वाटणार नाही. उलट आपले काम कोणीतरी जाणकार डोळ्यांनी पाहिले याचे समाधान मिळेल.

दुसरी उणीव तयार नमुन्यांची आहे. संग्रहविकासाच्या धोरणाचा नमुना योजनेकडूनच मिळतो आणि त्यातली काही कलमे सर्वांना सारखी ठेवावी लागतात. कायदेशीर दृष्टीने ते योग्यच आहे. पण उरलेली पानेही बहुतेक ठिकाणी एकसारखीच वाटतात, आणि ती वाचून अमुक संग्रहालय पुढची दहा वर्षे काय गोळा करणार व काय नाकारणार हे कळत नाही. आमच्या धोरणाचा पहिला मसुदाही असाच बेचव होता. गावात १९६० च्या दशकात रात्रपाळीला काम करायला आलेल्या पाकिस्तानी आणि गुजराती कुटुंबांची एकही वस्तू आमच्या संग्रहात नाही, हे वाक्य त्यात आले तेव्हा कुठे ते धोरण आमचे झाले. छोट्या संग्रहालयांना मदत करणाऱ्या विभागीय 'म्युझियम डेव्हलपमेंट' व्यवस्थेचे सल्लागार अशा वेळी विनामूल्य मदत करतात, आणि ही साखळी योजनेइतकीच महत्त्वाची आहे. ती नसती तर नमुन्यांच्या पलीकडे जाण्याचे धैर्य छोट्या संस्थांना झाले नसते.

तिसरी गोष्ट मी मराठी वाचकांसमोर विशेष आस्थेने मांडते. वस्तू कुठे आहे, कशा स्थितीत आहे, तिचा क्रमांक काय, हे निकष फार नेटाने विचारतात; ती इथे कशी आली हे तेवढ्याच नेटाने विचारत नाहीत. नव्याने घेतल्या जाणाऱ्या वस्तूचा पूर्वेतिहास तपासण्याचे बंधन आहे, आणि परत करण्याच्या मागण्यांविषयी आर्ट्स कौन्सिलने २०२२ मध्ये वेगळी मार्गदर्शिकाही काढली आहे, परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आत आलेल्या वस्तूंचा मागोवा घेण्याचे काम प्रत्येक संस्थेच्या सदिच्छेवर राहिले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या उसनवारीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा हा प्रश्न घराघरात बोलला गेला. त्या वाघनखांच्या पेटीवरचा लेख ती शिवाजी महाराजांची असल्याचे आणि साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना ती दिली गेल्याचे सांगतो. पण महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही, असे त्या संग्रहालयाचे स्वतःचे म्हणणे आहे. नोंद म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. पेटीवर काय लिहिले आहे हे एक, ते कोणी व केव्हा लिहिले हे दुसरे, आणि त्याला स्वतंत्र पुरावा काय हे तिसरे. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्या लागतात. मानांकनाची पुढची फेरमांडणी होईल तेव्हा जुन्या संग्रहाच्या पूर्वेतिहासाचाही अनुशेष म्हणून विचार व्हावा, आणि मोजदादीसारखीच त्याचीही वर्षवार योजना मागितली जावी.

महाराष्ट्रातल्या मित्रांशी या विषयावर बोलताना बहुतेकांना पहिल्यांदा 'नॅक' आठवते. महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी १९९४ पासून असलेल्या या व्यवस्थेची तयारी ज्यांनी केली आहे, त्यांना समिती येण्यापूर्वीची धावपळ, रात्री जागून भरलेल्या फायली आणि भिंतींना लावलेला ताजा रंग आठवतो, आणि संग्रहालयांवर हेच आणखी एक संकट कशाला, असे ते विचारतात. त्यांची शंका मी समजू शकते. पण पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा, एका माणसाने आयुष्यभर गोळा करून १९७५ मध्ये राज्याच्या स्वाधीन केलेला वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा ठेवा पाहिला, किंवा जिल्ह्याजिल्ह्यांत संस्थानिकांनी, शिक्षकांनी आणि संशोधन मंडळांनी उभी केलेली छोटी संग्रहालये पाहिली, की त्यांना दरडावणारी नव्हे तर हाताला धरून चालवणारी व्यवस्था हवी, असे वाटत राहते. भारतात संग्रहालयांना असे टप्प्याटप्प्याने मान्यतेकडे नेणारे सर्वमान्य राष्ट्रीय मानांकन अजून रुजलेले नाही. साधने मात्र अगदीच नाहीत असे नाही : पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी तयार केलेली 'जतन' ही संगणकप्रणाली देशातल्या मोठ्या संग्रहालयांत वापरली जाते, आणि संग्रहांच्या नोंदी लोकांना ऑनलाइन पाहता येतात. ज्याला आजच सुरुवात करायची आहे त्याने कोणत्याही मान्यतेची वाट पाहू नये. एक खोली निवडावी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, छायाचित्र घ्यावे, जागा लिहावी आणि रजिस्टराशी ताडून पाहावे. ब्रिटनच्या योजनेतला सर्वांत घेण्यासारखा भाग हाच आहे आणि त्याला वही, पेन्सिल व चिकाटी यापलीकडे फारसे काही लागत नाही.

ज्या छोट्या संस्था या योजनेत नव्याने येऊ पाहतात, त्यांना माझे सांगणे असे की अर्ज भरायला बसण्यापूर्वी निदान वर्षभर मोजदादीला द्यावे. आम्ही उलट केले. आधी धोरणे लिहिली आणि मग संग्रह मोजला, त्यामुळे धोरणे दोनदा लिहावी लागली. आमच्याकडे वरच्या मजल्यावरची दोन कपाटे अजून राहिली आहेत आणि नोंदींच्या आराखड्यात त्यांच्यापुढे येत्या हिवाळ्याचे महिने लिहिलेले आहेत. टिकिटांच्या गठ्ठ्याला आता एकच क्रमांक नाही. प्रत्येक टिकिटाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि लिपीच्या रकान्यात 'देवनागरी' किंवा 'गुजराती' असे लिहिलेले आहे.